परदेशी क्लबची प्री-सीझन मॅच सोलापुरात बसून बघताना : तारखेपासून भाकरीपर्यंत

२०२५ च्या जुलैत आमच्या ग्रुपवर एक ओळ पडली : 'शनिवार, साडेचार, माझ्याकडे.' मँचेस्टर युनायटेड विरुद्ध वेस्ट हॅम, दोन्ही इंग्लंडचे फुटबॉल क्लब. अमेरिकेत न्यू जर्सीचं मेटलाइफ स्टेडियम, २६ जुलै. प्री-सीझन, म्हणजे लीगचा मोसम सुरू होण्याआधीची सरावाची मॅच. त्या ओळीचे तीन अर्थ निघाले. एक जण शनिवारी पहाटे साडेचारला विजापूर रोडवरच्या बिल्डिंगखाली उभा राहून फोन करत होता, "झोपलास काय बे, गेट उघड की." दोघं शनिवारी दुपारी साडेचारला आले, हातात भज्यांचा पुडा. मॅच होती रविवारी पहाटे, २७ तारखेला. त्या वेळी नऊपैकी पाच जण जागे होते.

दरवर्षी असंच काहीतरी होतं, कारण आपण खाणं आधी ठरवतो, मग टीव्ही, आणि तारीख सगळ्यांत शेवटी बघतो. खालचा क्रम उलटा आहे. एकेक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढचा धरू नका.

टप्पा १ : तारीख आणि वेळ

लागणारा वेळ पाच मिनिटं. निम्म्या चुका इथेच होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

पहिलं, देश लिहू नका, शहर लिहा. 'अमेरिकेत मॅच आहे' याला अर्थ नाही. न्यू जर्सी आणि लॉस एंजेलिस यांच्यातच तीन तासांचा फरक आहे.

दुसरं, त्या शहरातली तारीख, वार आणि किक-ऑफची, म्हणजे मॅच सुरू होण्याची, वेळ कागदावर जशीच्या तशी उतरवा. किक-ऑफचीच वेळ घ्या. काही जाहिरातींत स्टेडियमचे दरवाजे उघडण्याची वेळ मोठ्या अक्षरांत असते. तीच धरली तर रिकाम्या खुर्च्या बघत बसाल.

तिसरं, फरक मिळवा किंवा वजा करा. जुलै-ऑगस्टात युरोप आणि अमेरिकेतली घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली असतात. हिवाळ्यात लीग बघून 'इंग्लंड म्हणजे साडेपाच तास' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. प्री-सीझनला ते विसरा. जुलै-ऑगस्टचा हिशोब असा :

- इंग्लंड, पोर्तुगाल : साडेचार तास मिळवा
- स्पेन, इटली, जर्मनी, फ्रान्स : साडेतीन तास मिळवा
- न्यूयॉर्क, न्यू जर्सी, अटलांटा, मायामी : साडेनऊ तास मिळवा
- शिकागो, डॅलस, ह्यूस्टन : साडेदहा तास मिळवा
- लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, सिएटल : साडेबारा तास मिळवा
- जपान, कोरिया : साडेतीन तास वजा करा
- सिंगापूर, हाँगकाँग, पर्थ : अडीच तास वजा करा
- बँकॉक, जकार्ता : दीड तास वजा करा
- सिडनी, मेलबर्न : साडेचार तास वजा करा

चौथं, मध्यरात्र ओलांडली की तारीख एकने वाढवा. न्यू जर्सीत शनिवारी संध्याकाळी ७ म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे ४.३०. लॉस एंजेलिसला शनिवारी संध्याकाळी ७.३० म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी ८. आशियातल्या मॅचला ही भानगड नसते. टोकियोत संध्याकाळी ७ ला सुरू झालेली मॅच आपल्याकडे त्याच दिवशी दुपारी ३.३० ला. मुलांची शाळा आणि तुमचं ऑफिस आड येईल, तारीख येणार नाही.

आता खास मराठी खड्डा. घड्याळात दिवस रात्री बाराला बदलतो, आपल्या बोलण्यात तो उजाडल्यावर बदलतो. 'शनिवारी रात्री साडेबारा' असं आपण म्हणतो तेव्हा मनात असते शनिवारी जेवून पुढची वेळ. कॅलेंडरवर मात्र तो रविवार असतो. फोनमध्ये गजर लावणारा शनिवार निवडतो आणि फोन त्याला शुक्रवारचं जेवण पचायच्या आत उठवतो. म्हणून ग्रुपवर दोन्ही वार लिहा. आम्ही आता असं लिहितो :

'शनिवार-रविवारच्या मधली रात्र. शनिवारी जेवून झोपायचं, रविवारी पहाटे ४.०० ला यायचं. किक-ऑफ ४.३०.'

लांबलचक आहे. पण हे लिहायला लागल्यापासून भज्यांचा पुडा चुकीच्या दिवशी आलेला नाही.

> सावधान : बहुतेक स्कोअर अ‍ॅप तुमच्या फोनच्या घड्याळाप्रमाणे वेळ आधीच भारतीय करून दाखवतात. त्यात पुन्हा साडेनऊ तास मिळवणारे महाभाग प्रत्येक ग्रुपात असतात. अ‍ॅपमधली वेळ भारतीय आहे की तिथली, हे ओळखायचं असेल तर कालच संपलेली, तुम्ही स्वतः बघितलेली एखादी मॅच त्यात उघडा आणि वेळ जुळते का बघा.

> तपासणी : दोन माणसांनी वेगवेगळा हिशोब करायचा. एकमेकांना न विचारता. उत्तर सारखं आलं तरच पुढे.

टप्पा २ : मॅच खरंच होणार आहे का

फ्रेंडलीच्या, म्हणजे अशा सरावाच्या मॅचच्या, मागे लीगचं वेळापत्रक नसतं, गुण नसतात. आयोजक, क्लब आणि हवामान यांतलं एक बिघडलं तरी ती उडते. २५ जुलै २०१६ ची बीजिंगमधली मँचेस्टर सिटी-युनायटेड मॅच पावसाने मैदान खराब झाल्यामुळे ऐन वेळी रद्द झाली. २२ जुलै २०२३ ला कॅलिफोर्नियात बार्सिलोना-युव्हेंटस होणार होती, पण बार्सिलोनाच्या बऱ्याच खेळाडूंची पोटं बिघडली आणि तीही गेली. सगळ्यांत मजेशीर गोष्ट जुलै २०२५ ची. जपानमधल्या विसेल कोबेविरुद्धच्या मॅचमधून आयोजकाने करार पाळला नाही म्हणून गुरुवारी बार्सिलोनाने अंग काढून घेतलं. मग तोडगा निघाला आणि रविवारी, २७ जुलैला, ती मॅच झाली. बार्सिलोना ३-१ ने जिंकली. गुरुवारची बातमी वाचून ज्यांनी बेत मोडला, त्यांना रविवारी दुपारी निकालच कळला.

म्हणून तीनदा बघायचं : आठवडाभर आधी, आदल्या दिवशी आणि घरातून निघताना. बघायचं ते दोन्ही क्लबांच्या अधिकृत वेबसाइटवर. एकाच्या वेबसाइटवर असेल आणि दुसऱ्याच्या नसेल, तर अजून पक्कं नाही असं धरा. चाहत्यांच्या पानांवरची पोस्टरं पुरावा म्हणून चालत नाहीत, कितीही झकास असली तरी.

काही सराव-सामने बंद दाराआड होतात. प्रेक्षक नसतात आणि बऱ्याचदा प्रक्षेपणही नसतं. वेबसाइटवर तसं लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरांत.

टप्पा ३ : कुठे दिसणार, पैसे कसे भरायचे

लीग ज्या चॅनेलवर दिसते त्याच चॅनेलवर फ्रेंडली दिसेल, हे गृहीत धरू नका. लीगचे हक्क लीग विकते. फ्रेंडलीचे हक्क यजमान क्लबाकडे किंवा दौऱ्याच्या आयोजकाकडे असतात. त्यामुळे तुमच्याकडे वर्षभराचं स्पोर्ट्स पॅक असूनही त्या पहाटे तिथे जुन्या कुस्त्या चालू असतात.

शोधायचा क्रम असा : आधी तुमच्या क्लबची वेबसाइट, तिथे 'मॅच कुठे बघाल' असं पान असतं. मग प्रतिस्पर्धी क्लबची वेबसाइट, आणि ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. छोटा परदेशी क्लब कधीकधी आपल्या यूट्यूब चॅनेलवर मॅच फुकट दाखवतो आणि आपण मात्र मोठ्या क्लबच्या अ‍ॅपला पैसे मोजतो. शेवटी भारतातले चॅनेल आणि ओटीटी.

मँचेस्टर युनायटेडचं एमयूटीव्ही, बार्सिलोनाचं बार्सा वन असे क्लबांचे स्वतःचे चॅनेल आहेत. पैसे भरण्याआधी तीन शब्द शोधा : लाइव्ह, तुमचा देश, आणि ही ठरावीक मॅच. 'संपूर्ण प्री-सीझन कव्हरेज' याचा अर्थ कधी थेट प्रक्षेपण असतो, कधी नुसती कॉमेंटरी, तर कधी मॅच संपल्यावर काही तासांनी दिसणारं रेकॉर्डिंग.

पैसे भरताना हमखास अडतं ते कार्डावर. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमांमुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. ते बँकेच्या अ‍ॅपमधून आपणच चालू करावे लागतात. हे पहाटे सव्वाचारला कळलं तर ओटीपीची वाट बघताना पहिला गोल जातो. दोन दिवस आधी चालू करा, मर्यादा कमी ठेवा, पैसे भरले की लगेच बंद करा.

> सावधान : ग्रुपवर कुणीतरी 'फ्री लिंक' टाकतो आणि ती अ‍ॅपची फाइल उतरवून घ्यायला सांगते. ज्या फोनवर तुमचं यूपीआय आहे त्यावर असली फाइल अजिबात टाकू नका. चोरीचं प्रक्षेपण आहे हा एक भाग, आणि त्या फाइलीत आणखी काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं हा दुसरा.

आणखी एक. घरी मित्रांना बोलावून बघणं वेगळं आणि हॉल घेऊन, तिकीट लावून दाखवणं वेगळं. घरगुती सबस्क्रिप्शनवर दुसरा प्रकार करू नका. त्याला हक्क असणाऱ्यांची वेगळी परवानगी लागते.

टप्पा ४ : घर कुणाचं

मोठा टीव्ही ज्याचा त्याचं घर, असं ठरवतात. चूक. सोलापुरात आधी विचारायचं ते पाणी.

ज्याच्या भागात त्या पहाटे पाण्याची पाळी आहे, त्याच्याकडे मॅच ठेवू नका. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं आणि आलं की घरातला प्रत्येक माणूस कामाला लागतो. जुळे सोलापुरात एकदा आम्ही बसलो होतो. दुसरा हाफ सुरू झाला आणि वहिनींनी आतून हाक मारली, "नळ आला!" पुढची वीस मिनिटं यजमान आणि त्याचा भाऊ घागरी, पिंपं आणि पाइप यांच्यात होते. आम्हालाही लाज वाटली, म्हणून आम्हीही उठलो. त्या वेळात तीन बदली खेळाडू आले आणि एक गोल झाला. वहिनींची चूक नव्हतीच. आमचा दिवस चुकला होता.

पाण्यानंतर वीज. जुलै-ऑगस्ट म्हणजे वारा-पाऊस, फीडर ट्रिप होतो. इन्व्हर्टर आहे का, एवढं विचारून थांबू नका. त्यावर टीव्हीचा प्लग आहे का आणि राउटरचा आहे का, हे विचारा. बऱ्याच घरांत इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि दोन दिवे असतात, टीव्हीचा पॉइंट नसतो. राउटरसाठी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो. पण गल्लीतल्या केबलवाल्याच्या पेटीलाही वीज लागते, ती गेली तर तुमचा राउटर नुसताच लुकलुकत राहील. त्यासाठी मोबाइल डेटाची सोय हवी, आणि ती कशी, ते पुढच्या टप्प्यात.

तिसरा प्रश्न घरच्यांचा. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर पहाटेची मॅच तिथे नको. गच्चीवर प्रोजेक्टर लावायची हौस असेल तर लक्षात ठेवा : रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम फुटबॉललाही लागू आहेत. शिवाय पावसाळ्यात गच्ची म्हणजे जुगार.

टप्पा ५ : आदल्या रात्रीची तालीम

ही तालीम मॅचच्या वेळचंच घर, तोच टीव्ही, तोच फोन आणि तेच लॉग-इन वापरून करायची. 'माझ्या घरी चालतं' याला किंमत नाही.

१. अ‍ॅपमध्ये लॉग-इन करून कुठलाही जुना व्हिडिओ टीव्हीवर पाच मिनिटं चालवा. पाच सेकंदं नव्हेत.

२. फोनवरून टीव्हीवर टाकणार असाल तर दोन अडचणी येतात. काही अ‍ॅप स्क्रीन मिरर करू देत नाहीत, आवाज येतो आणि चित्र काळं राहतं. आणि टाइप-सी ते एचडीएमआय वायर सगळ्या फोनना चालत नाही. फोनच्या पोर्टमधून व्हिडिओ बाहेर पडायची सोय असावी लागते, स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ती नसते. नवी पेठेतून वायर आणून ती दोषी ठरवण्याआधी दुसरा फोन लावून बघा. सगळ्यांत कमी कटकट म्हणजे लॅपटॉप आणि साधी एचडीएमआय केबल.

३. डेटाचं गणित करा. एचडी चित्राला तासाला साधारण तीन जीबी लागतात. मॅच, मध्यांतर, आधीची बडबड धरून दोन तास, म्हणजे सहा जीबी. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर पहिला हाफसुद्धा निघत नाही. हॉटस्पॉटसाठी दोन फोन ठरवून ठेवा, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि चित्राचा दर्जा आधीच कमी करून ठेवा.

४. अ‍ॅप आणि टीव्हीचे अपडेट रात्रीच उरका.

> तपासणी : तालीम झाल्यावर टीव्ही बंद करून पुन्हा चालू करा. लॉग-इन टिकलं का? बऱ्याचदा इथेच पासवर्ड पुन्हा मागतो आणि तो ज्याला माहीत आहे तो घोरत असतो.

खाण्याबद्दल थोडक्यात. पहाटे चारला कुणाच्याही स्वयंपाकघरात गॅस पेटवायचा नाही, हा आमचा नियम. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. तिन्ही आदल्या दिवशी आणून ठेवता येतं, गरम करावं लागत नाही. चहा थर्मासमध्ये. श्रावण लागला असेल तर सामिष बेत सुचवणाऱ्याने आधी घरच्यांना विचारावं. आणि भाकरी मोडायची ती किक-ऑफच्या आधी. नऊ जण एकदम कडक भाकरी मोडायला लागले की कॉमेंटरी ऐकू येत नाही.

टप्पा ६ : मॅच चालू असताना काय बघायचं

फोन शांत करा, सगळ्यांनी. इंटरनेटवरचं चित्र अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त मागे असतं. गोलची सूचना आधी फोनवर टुणकन वाजते आणि मग टीव्हीवर चेंडू मध्यरेषेवर दिसतो.

एक वही आणि एक पेन ठेवा. वहीत स्कोअर लिहायचा नाही, मिनिटं लिहायची : कोण, कुठल्या जागेवर, कितव्या मिनिटापासून कितव्यापर्यंत. स्पर्धेच्या मॅचमध्ये सहसा पाच बदल असतात, फ्रेंडलीत दोन्ही संघांनी मिळून ठरवून रेफरीला कळवलं की आकडा वाढतो. मग मध्यांतराला अख्खे अकरा बदलतात. पहिल्या हाफचा संघ आणि दुसऱ्या हाफचा संघ या दोन वेगळ्या मॅच समजा आणि वहीच्या दोन वेगळ्या पानांवर लिहा. नाहीतर 'दुसऱ्या हाफमध्ये ढेपाळले' असं बोलाल आणि मैदानावर एकोणीस वर्षांची पोरं असतील.

प्रतिस्पर्धी परदेशी असेल तर आधी एक गोष्ट शोधा : त्यांचा मोसम कुठे आहे? हे कुणीच बघत नाही, आणि निकालाचा निम्मा उलगडा त्यातच असतो. कोरियाची के-लीग, नॉर्वे-स्वीडनच्या लीग जुलैत ऐन भरात असतात. त्यांचे पाय मोकळे झालेले, तुमच्या क्लबचे खेळाडू नुकते सुटीवरून आलेले. पण त्यांची लीगची मॅच दोन दिवसांवर असेल तर तेही दुसरी फळी उतरवतात. ३१ जुलै २०२५ ला बार्सिलोनाने सेऊलमध्ये एफसी सेऊलला ७-३ हरवलं. 'सात गोल' म्हणून नाचणारे आमच्यात होते, 'तीन खाल्ले' म्हणून कपाळाला हात लावणारेही होते. कुणाचे किती खेळाडू कितव्या मिनिटाला बदलले हे दोघांपैकी एकाकडेही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे भांडण मात्र आठवडाभर चाललं.

नजर ठेवायची ती यावर : नवा खेळाडू कुठल्या जागेवर उतरतो, चेंडू गेल्यावर पुढची फळी एकत्र धावते की एकेकटी, कॉर्नर कोण घेतो, गोलकीपर लांब मारतो की पायाजवळ देतो. एका मॅचवरून निष्कर्ष काढू नका. सलग तीन मॅचमध्ये तेच दिसलं तर खाली रेघ मारा. लीगच्या तोंडावरच्या शेवटच्या फ्रेंडलीतला पहिला अकराचा संघ सर्वांत खरा असतो, एकच मॅच बघायची असेल तर ती बघा. वर्ल्ड कप किंवा युरो कपच्या वर्षी हाही नियम सैल होतो, कारण मोठी नावं उशिरा रुजू होतात.

बरोबरी झाली म्हणून लगेच उठू नका. एक्स्ट्रा टाइम सहसा नसतो, पण आधी ठरलं असेल तर पेनल्टी होतात. ९ ऑगस्ट २०२५ ला ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेड आणि फिओरेंटिना १-१ राहिले आणि पेनल्टीवर युनायटेड ५-४ ने जिंकलं. आमच्यातले दोघं तोवर जिना उतरून गाडीला किक मारत होते.

टप्पा ७ : उठायच्या आधी

सबस्क्रिप्शन ज्याच्या कार्डावरून घेतलं त्याने तिथेच, सगळ्यांसमोर, पुढच्या महिन्याचं ऑटो-पे बंद करायचं. 'घरी जाऊन करतो' म्हणणाऱ्याचे पैसे सप्टेंबरात पुन्हा कापले जातात आणि ती वर्गणी मागायला त्याला तोंड उरत नाही. हिशोबही तेव्हाच : सबस्क्रिप्शन, डेटाचं टॉप-अप, भाकरी-चटणी, भागिले आलेली डोकी. येतो म्हणून न आलेल्यांचा सबस्क्रिप्शनचा वाटा आम्ही धरतो, खाण्याचा नाही.

वहीच्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाका, वर मॅचची भारतीय तारीख लिहून. मग सोफ्याच्या फटीतला भाकरीचा चुरा काढा. पुढच्या शनिवार-रविवारच्या मधल्या रात्री त्याच घरी यायचं आहे.